'फादर' हा शब्द 'पितृ'वरून आला का? सगोत्र, उसना आणि तद्भव

(एक चर्चा. उपान्त्य, मूळपाठ, घर्षक, शब्दझडती ही बोलणाऱ्यांची टोपणनावे.)

उपान्त्य :
एका शालेय पुस्तिकेचे मुद्रितशोधन चालू आहे. त्यात वाक्य आहे : 'इंग्लिशमधले फादर, ब्रदर, टूथ, डोअर, पाथ हे शब्द संस्कृतमधून आले आहेत.' यातले 'मधून आले' हे क्रियापद खटकते आहे. असे शब्द इंग्लिशमधले तद्भव मानावेत का? आणि 'कॉग्नेट' (समान मुळातून वेगवेगळ्या भाषांत आलेले शब्द) या संज्ञेला मराठीत नेमके काय म्हणावे?

मूळपाठ :
'मधून आले' चूक आहे, आणि 'तद्भव'ही चूक. तद्भव म्हणजे संस्कृत शब्दाचे प्राकृतातून झिजत, बदलत आलेले रूप. मराठीतला 'दात' हा 'दन्त'चा तद्भव, 'पाय' हा 'पाद'चा. इंग्लिश त्या वंशात कुठेच बसत नाही. इंग्लिश ही जर्मानिक शाखेतली भाषा. पाचव्या शतकात अँगल, सॅक्सन, ज्यूट या टोळ्या उत्तर समुद्राच्या काठावरून ब्रिटनमध्ये गेल्या, तेव्हा बाप, भाऊ, दात, पाय यांचे शब्द त्यांच्या तोंडी आधीपासून होते. त्यांनी ते कुणाकडून घेतले नव्हते.

संस्कृत आणि जर्मानिक या दोन्ही शाखा एकाच, लेखी पुरावा न उरलेल्या भाषेतून फुटल्या. तिला आपण आद्य भारोपीय म्हणतो. २ फेब्रुवारी १७८६ रोजी कोलकात्याच्या एशियाटिक सोसायटीपुढे विल्यम जोन्स यांनी हेच मांडले : संस्कृत, ग्रीक, लॅटिन एका समान उगमातून निघालेल्या दिसतात आणि तो उगम कदाचित आता अस्तित्वात नसेल. 'संस्कृत ही जननी' असे ते म्हणाले नव्हते, तरी त्यांच्या नावावर ते सर्रास खपवले जाते.

'कॉग्नेट'साठी 'सजातीय' रुळलेला आहे, पण मी 'सगोत्र' लिहितो. 'सजातीय' म्हटले की 'एकाच प्रकारचे' असाही अर्थ निघतो. 'सगोत्र' मध्ये समान मूळपुरुष सरळ दिसतो. तीन शब्द शेजारी ठेवले तर फरक स्पष्ट होतो. मराठी 'दात' हा 'दन्त'चा तद्भव. इंग्लिश 'टूथ' हा 'दन्त'चा सगोत्र. आणि 'डेंटिस्ट' हा इंग्लिशने अठराव्या शतकात फ्रेंचकडून घेतलेला, मुळात लॅटिन धातूचा, म्हणजे उसना शब्द. गंमत अशी की तिघांत 'दन्त'सारखा सर्वांत जास्त दिसतो तो उसना 'डेंटिस्ट'. दिसण्यावरून नाते ठरवू नये ते याचसाठी.

उपान्त्य :
मग 'टूथ' सगोत्र आहे हे कशावरून? 'दन्त' आणि 'टूथ' यांत एकही वर्ण सारखा नाही.

घर्षक :
सारखेपणा हा पुरावाच नव्हे. पुरावा असतो तो नियमित फरकाचा. डेन्मार्कचे रास्मुस रास्क आणि त्यानंतर १८२२मध्ये जर्मनीचे याकोब ग्रिम यांनी हे फरक मांडले, म्हणून ग्रिमचा नियम. थोडक्यात :

जुना प जर्मानिकमध्ये फ झाला : पितृ–फादर, पूर्ण–फुल, पञ्च–फाइव्ह.
त चा थ झाला : त्रि–थ्री, तनु–थिन, तृष्–थर्स्ट.
क चा ह झाला. यातला एक क संस्कृतात श झालेला असतो, म्हणून शत–हंड्रेड, श्वन्–हाउंड.
द चा ट : दश–टेन, द्वि–टू.
ग चा क : युग–योक. संस्कृतात ज झालेला ग सुद्धा यातच : जानु–नी, ज्ञा–नो. या दोन इंग्लिश शब्दांच्या आरंभी लिहिला जाणारा पण न उच्चारला जाणारा के तोच आहे. तो सतराव्या शतकापर्यंत उच्चारातही होता.
भ चा ब आणि ध चा ड : भ्रातृ–ब्रदर, भ्रू–ब्राउ, विधवा–विडो, मधु–मीड.

सर्वांत चांगले उदाहरण 'पाद–फूट', कारण प–फ आणि द–ट हे दोन्ही बदल एकाच शब्दात आहेत. 'दन्त–टूथ' मध्ये द–ट आणि त–थ जुळतात, उरला न. इंग्लिशमध्ये थ, फ, स या घर्षक ध्वनींच्या आधीचा न गळून मागचा स्वर लांबतो. जर्मनमध्ये तो न टिकला आहे : इंग्लिश 'फाइव्ह', जर्मन 'फ्युन्फ', इंग्लिश 'गूज', जर्मन 'गान्स'. आणि 'गूज'चा सगोत्र संस्कृतात 'हंस'.

एक सावधगिरी मराठी वाचकांसाठी खास. 'थ्री'तला थ आणि 'रथ'मधला थ देवनागरीत एकच दिसतात, पण ते दोन वेगळे ध्वनी आहेत. आपला थ हा महाप्राण स्पर्श : जीभ दाताला टेकते, हवा अडते, मग श्वासासह सुटते. इंग्लिशचा थ घर्षक : हवा अडतच नाही, फटीतून घासत जाते. 'फ'चेही तसेच. ग्रिमचा नियम सांगतो तो बदल स्पर्शाचा घर्षक होण्याचा आहे. लिपीवर विसंबून 'पथ–पाथ, थ ला थ जुळला' असे म्हणणारा दोन निराळ्या गोष्टी एक समजतो.

मूळपाठ :
घर्षक, एक शंका वाचकांच्या मनात येईलच, म्हणून इथेच विचारतो. त चा थ होतो ('फादर', 'ब्रदर' यांतला द इंग्लिशमध्ये th असाच लिहितात), तर 'पितृ–फादर' आणि 'भ्रातृ–ब्रदर' दोन्ही नियमात बसतात. मग जर्मनमध्ये बाप 'फाटर' आणि भाऊ 'ब्रूडर', म्हणजे एकात ट आणि दुसऱ्यात ड, असे का?

घर्षक :
शंका नेमकी आहे, कारण इथे आजचे इंग्लिश फसवते. जुन्या इंग्लिशमध्ये बापाला 'फॅडर' आणि आईला 'मोडोर' म्हणत. थ होता तो फक्त 'ब्रोथोर'मध्ये. चौदाव्या शतकातला कवी चॉसर याच्याकडेही 'फाडर'च आहे. पंधराव्या-सोळाव्या शतकाच्या सुमारास 'अर'च्या आधीचा ड थ सारखा झाला आणि 'फादर', 'मदर' ही रूपे आली. 'वेदर', 'गॅदर' यांतही पूर्वी ड होता. म्हणजे 'फादर'मधला आजचा थ ग्रिमच्या नियमाचा नाहीच. तो किमान दीड हजार वर्षांनी उशिरा, वेगळ्या कारणाने आला आहे.

मग खरा प्रश्न असा की जुन्या काळी 'ब्रोथोर'मध्ये थ आणि 'फॅडर'मध्ये ड का. त्याचे उत्तर १८७७मध्ये डॅनिश भाषाशास्त्रज्ञ कार्ल व्हेर्नर यांनी दिले, आणि ते वैदिक स्वरांत सापडले. वैदिक पाठात 'भ्राता'चा उदात्त, म्हणजे स्वराचा आघात, पहिल्या अक्षरावर आहे, 'पिता' आणि 'माता' यांचा शेवटच्या. आघात लगेच आधीच्या अक्षरावर असेल तर थ अघोष (कंठ न कंपणारा) राहिला. नसेल तर सघोष (कंठ कंपणारा) झाला आणि पुढे ड. जर्मनमध्ये या ड चा नंतर ट झाला आणि थ चा ड, म्हणून 'फाटर' पण 'ब्रूडर'. जर्मानिक भाषांनी तो जुना आघात टाकून दिला, पण त्याचा ठसा व्यंजनांत राहिला. ऋग्वेद म्हणणाऱ्यांनी उदात्त-अनुदात्त जसेच्या तसे सांभाळले नसते, तर हा नियम सिद्ध करणे फार अवघड गेले असते. संस्कृत इंग्लिशची आई नसूनही इंग्लिशच्या इतिहासाला तिच्यावाचून गती नाही, ती या अर्थाने.

शब्दझडती :
पुस्तिकेतल्या यादीतले 'पाथ' काढा. नियमाप्रमाणे 'पथ'चा सगोत्र 'फ'ने सुरू व्हायला हवा. जुन्या इंग्लिशमध्येही तो प नेच आहे. बरेच अभ्यासक तो एखाद्या इराणी भाषेतून पश्चिम जर्मानिकमध्ये आलेला उसना शब्द मानतात, पण यावर एकमत नाही. एक व्यवहारी खूण लक्षात ठेवावी : आद्य भारोपीयात ब हा ध्वनी फार विरळ होता, आणि जर्मानिक प बनतो तो त्याच ब पासून. म्हणून इंग्लिशमध्ये प ने सुरू होणारा जुना शब्द दिसला की आधी उसनवारी तपासायची. 'पाउंड', 'पिट', 'पेअर' हे फळ, सगळे लॅटिनकडून घेतलेले.

आणखी काही सापळे, जे मराठी लेखांत वारंवार दिसतात.

'दिवस–डे'. द ला ड लावलेला आहे, म्हणजे बदल झालेलाच नाही. सगोत्र असता तर ट हवा होता. 'दिवस'चा नातलग लॅटिन 'दिएस'. इंग्लिश 'डे' निराळ्या मुळाचा. त्याच घराण्यातला 'देव' मात्र इंग्लिशमध्ये खरोखर आहे, आणि ट घेऊनच आहे : 'ट्यूजडे'तला 'ट्यू' हा जुना जर्मानिक देव तीव.

'देव–थिऑलॉजी'. ग्रीक 'थेऑस'मधला थ जुन्या ध पासून आलेला, 'देव'मधला द जुन्या द पासून. जुळत नाही. लॅटिन 'देउस' मात्र जुळतो.

'हृदय–हार्ट'. हे दोन्ही खरे नातलग, पण ह–ह म्हणून नव्हे. इंग्लिशचा ह जुन्या क पासून आला. लॅटिन 'कोर्द', ग्रीक 'कार्डिया' यांत तो क शिल्लक आहे. त्या हिशेबाने संस्कृतात श हवा होता. 'हृद्'मधला ह अनियमित आहे. संस्कृत ह समोर इंग्लिशमध्ये ग अपेक्षित असतो, जसा 'हंस–गूज' मध्ये. नियमित श कुठे सापडतो? 'श्रद्धा'मध्ये. तिथला 'श्रद्' म्हणजे हृदय, 'धा' म्हणजे ठेवणे. लॅटिन 'क्रेदो' (मी विश्वास ठेवतो) ची घडण हीच, आणि 'क्रेडिट' त्यातूनच. बँकेचे क्रेडिट आणि श्रद्धा सगोत्र आहेत हे ऐकायला ओढूनताणून वाटते, पण ध्वनी न् ध्वनी जुळतो.

उपान्त्य :
आणि 'द्वार–डोअर'? तिथेही द ला ड आहे. तेही काढू?

शब्दझडती :
ते ठेवा. तिथे दोष इंग्लिशकडे नाही, संस्कृतकडे आहे. ग्रीक 'थुरा' आणि लॅटिन 'फोरेस' पाहिले की मूळ ध्वनी ध होता हे कळते, आणि ध चा इंग्लिशमध्ये ड होणे नियमितच. संस्कृतात 'ध्वार' अपेक्षित होते. दाराला दोन झडपा असल्याने 'द्वि'च्या प्रभावाने द झाला असावा असे एक स्पष्टीकरण दिले जाते. 'डे' आणि 'डोअर' दोन्हींत वरवर एकच अडचण दिसते, पण तिसरी-चौथी भाषा आणली की एक बाद होतो आणि एक टिकतो. दोनच भाषांची तुलना करणाऱ्याला हे कधीच कळणार नाही. मराठीकडून सुरुवात करणाऱ्याने तर 'पाय', 'भाऊ' या रूपांवर थांबूच नये. तिथले मधले व्यंजन प्राकृतातच गळले आहे. आधी 'पाद', 'भ्रातृ'पर्यंत मागे जायचे, इंग्लिशकडूनही जुन्या इंग्लिशपर्यंत, शक्य तर चौथ्या शतकातल्या बायबल-भाषांतरातून मिळणाऱ्या गॉथिक या जुन्या जर्मानिक भाषेपर्यंत, आणि मगच जोडी लावायची.

मूळपाठ :
उसन्या शब्दांबद्दल थोडे, कारण पुस्तिकेत 'संस्कृतमधून आले' हे वाक्य तिथे खरे ठरू शकते. 'पिप्पली'पासून ग्रीक 'पेपेरि', लॅटिन 'पिपेर', जुने इंग्लिश 'पिपोर', आजचा 'पेपर', म्हणजे मिरी. इथे प चा फ झालेला नाही. म्हणजे ग्रिमचा बदल संपल्यावर हा शब्द आला. पण जर्मनमध्ये मिरीला 'फेफर' म्हणतात, कारण सहाव्या शतकाच्या सुमारास जर्मनच्या दक्षिणी बोलींत व्यंजनबदलाची दुसरी लाट आली. म्हणजे शब्द दोन लाटांच्या मधला, रोमन व्यापाराच्या काळातला. कागद नसताना शब्दाची तारीख अशी काढता येते.

'जिंजर'चे मूळ पालीतल्या 'सिङ्गिवेर'सारख्या रूपात. संस्कृत 'शृङ्गवेर'मधले 'शिंग' ही लोकव्युत्पत्ती, म्हणजे ओळखीच्या शब्दावरून लावलेला अर्थ, आहे. मूळ द्रविड, आल्याला तमिळमध्ये आजही 'इंजी' म्हणतात. 'ऑरेंज'चा न इंग्लिशमध्ये 'अ नॉरेंज' असा चुकीचा तोडल्यामुळे गेला, असे पुष्कळदा छापतात. तो न इंग्लिशपर्यंत पोचलाच नव्हता. आधीच्या रोमान्स, म्हणजे लॅटिनपासून निघालेल्या, भाषांतच गळला. स्पॅनिश 'नारांखा'त तो अजून आहे. 'अ नॅप्रन'चे 'अन एप्रन' झाले ते मात्र इंग्लिशमध्येच.

आणि 'मंगूस'. कोश त्याचे मूळ मराठी 'मुंगूस' देतात. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात तो इंग्लिश लेखनात आला. मराठीतही तो द्रविड मानतात, तेलुगूत 'मुंगिस' आहे. इंग्लिश वर्णलेखनात शेवटी 'गूस' दिसतो तो फक्त ओळखीच्या 'गूज' (हंस) या शब्दाशी जमवून घेतलेला. म्हणून अनेकवचन 'मंगूसेस' होते, 'गीस' लावून होत नाही.

घर्षक :
पुस्तिकेतले वाक्य असे करता येईल : 'फादर, ब्रदर, टूथ, डोअर हे इंग्लिश शब्द पितृ, भ्रातृ, दन्त, द्वार या संस्कृत शब्दांचे सगोत्र आहेत, पेपर आणि जिंजर हे शब्द भारतीय भाषांतून ग्रीक-लॅटिनमार्गे इंग्लिशमध्ये गेले आहेत.' जागा असेल तर 'काय–व्हॉट' जरूर घाला. मूळ ध्वनी 'क्व'. संस्कृत-मराठीत त्याचा क राहिला : कोण, काय, कुठे, केव्हा. जर्मानिकमध्ये क चा ह होऊन 'ह्व' झाला. जुन्या इंग्लिशमध्ये 'ह्वॅट' असेच लिहीत. पुढे नॉर्मन काळातल्या लेखनिकांनी ती दोन अक्षरे उलटी लिहायला सुरुवात केली, म्हणून आज डब्ल्यू आधी आणि एच नंतर येतो. 'हू' मध्ये मात्र पुढच्या स्वरात मिसळून 'व' गेला आणि 'ह' तेवढा उच्चारात राहिला.