सल्ला हवा: एप्रिलमध्ये बाबांना कॉलेज फुटबॉल कुठे दाखवू?

कुंडलची_लेक (एडिसन, न्यू जर्सी), ३० मार्च २०२५
आईबाबा १० एप्रिलला येतायत, दीड महिना राहतील. बाबा ७१ वर्षांचे, उमेदीत कुंडलच्या मैदानात कुस्त्या केलेले. गेल्या वर्षी डाव्या गुडघ्याची वाटी बदलली. माझा मुलगा नववीत आहे, शाळेच्या संघात ऑफेन्सिव्ह लाइनला खेळतो, म्हणजे पुढच्या फळीत उभं राहून समोरच्यांना अडवतो. व्हिडिओ कॉलवर त्याने आजोबांना स्टान्स करून दाखवला: एक हात जमिनीला, कंबर खाली, मान वर. बाबा बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "ह्यो तर पट काढायला निघालाय. मला ही पोरं समोरून बघायची हाईत."
खरा सीझन ऑगस्टअखेर सुरू होतो, तोवर ते परत गेलेले असतील. म्हणून स्प्रिंग गेम, म्हणजे विद्यापीठाचा संघ वसंतात आपसातच खेळतो तो सराव सामना. माणसं पाच. बजेट गॅस, पार्किंग, खाणं सगळं धरून २५० डॉलर. मुक्काम नको, आईला परक्या ठिकाणी झोप लागत नाही. कुठे नेऊ?

बकाय_भाऊ (कोलंबस)
ओहायो स्टेट विद्यापीठ, १२ एप्रिल. २० जानेवारीला नोटर डेमला ३४-२३ हरवून आम्ही राष्ट्रीय विजेते झालोय, गावात अजून दिवाळी चालू आहे. २०१६ च्या स्प्रिंग गेमला १,००,१८९ लोक होते, स्प्रिंग गेमचा तो विक्रम आहे. मी त्या गर्दीत वरच्या मजल्यावर होतो, मुलगी खांद्यावर. दोन रात्री हॉटेल घ्या, शुक्रवारी निघा, रविवारी परत. बजेट थोडं वाढवा. आईबाबा काय दर महिन्याला येतात?

कुंडलची_लेक
१० ला विमानातून उतरून ११ ला आठ तास गाडीत? नाही हो, भाऊ. मुक्काम नको हेही लिहिलंय.

निळीपिवळी (अ‍ॅन आर्बर)
३० नोव्हेंबर २०२४, मिशिगन १३, ओहायो स्टेट १०, तेही तुमच्या अंगणात. दिवाळीच्या फराळासोबत हेही वाढा, भाऊ.
ताई, मिशिगनचा स्प्रिंग गेम १९ एप्रिलला आहे. १,०७,६०१ आसनं, देशातलं सर्वांत मोठं स्टेडियम. बाहेरून बुटकं दिसतं, कारण बरंचसं जमिनीच्या खाली खोदलेलं आहे. गेटमधून आत गेलं की एकदम पायाखाली मैदान उघडतं. माझे सासरे तिथेच थबकले होते. पण गुडघ्यासाठी एक सांगते: अशा वाडग्यासारख्या स्टेडियममध्ये पायऱ्या उतराव्या लागतात, आणि वाटी बदललेल्यांना चढण्यापेक्षा उतरणं जड जातं. वरच्याच रांगेत बसवा.

बकाय_भाऊ
त्या १३-१० नंतर जिंकलं कोण? करंडक कोलंबसात आहे.

लिंकनकर (नेब्रास्का)
आमच्याकडे या म्हणायला जीव तुटतो, पण यंदा आमचा नेहमीचा स्प्रिंग गेमच होत नाहीये. प्रशिक्षक मॅट रूल यांनी फेब्रुवारीत सांगितलं, आपली पोरं सगळ्या जगाला दाखवली की दुसरे संघ ती उचलतात. मी १४ वर्षं दर एप्रिलला लाल शर्ट घालून मेमोरियल स्टेडियममध्ये बसलोय. १९६२ पासून तिथला सीझनमधला एकही सामना हाउसफुल्लशिवाय झालेला नाही. ३० ऑगस्ट २०२३ ला आम्ही त्याच मैदानात मुलींच्या व्हॉलीबॉलला ९२,००३ माणसं बसवली. आणि एप्रिलमधला एक दिवस आम्हाला मिळत नाही. फार वाईट वाटतं.

जर्सी_क्र_७
लिंकनकर, अगदी अनुमोदन. या ट्रान्सफर पोर्टलपायी, म्हणजे खेळाडू विद्यापीठ बदलायला नाव नोंदवतात त्यापायी, मी ११० डॉलरला घेतलेली जर्सी कपाटात पडून आहे. मुलाच्या वाढदिवसाला त्याच्या लाडक्या क्वार्टरबॅकच्या नंबरची घेतली, आणि तीन आठवड्यांत तो खेळाडू दुसऱ्या विद्यापीठात. मुलगा दोन दिवस नीट जेवला नाही. ताई, कुठेही जा, पण नातवाला नंबरवाली जर्सी घेऊ नका. साधा टी-शर्ट घ्या.

शिकागोची_मावशी
पोरांनी जाऊ नये का पण? प्रशिक्षक करार मोडून एका रात्रीत जातो, त्याला कुणी बोलत नाही. १ जुलै २०२१ पर्यंत या मुलांना स्वतःच्या नावावर एक डॉलर कमवायची मुभा नव्हती, आणि त्यांच्याच नंबरची जर्सी दुकानात विकली जात होती. माझा भाचा दुसऱ्या फळीतून तिसऱ्या फळीत ढकलला गेला, तेव्हा पोर्टल होतं म्हणून त्याला खेळायला मिळालं.

जर्सी_क्र_७
मावशी, भाच्याचं चांगलं झालं, आनंद आहे. पण चार वर्षं एका पोराला मोठं होताना बघायचं, हेच तर कॉलेज फुटबॉलचं सुख होतं.

पिस्काटवे_पाटील
अहो, एडिसनहून रटगर्स विद्यापीठ २० मिनिटांवर आहे आणि तुम्ही सगळे यांना अर्धी अमेरिका फिरवताय! ६ नोव्हेंबर १८६९, न्यू ब्रन्सविक, रटगर्स ६, प्रिन्स्टन ४. कॉलेज फुटबॉलचा पहिला सामना इथे झाला. बाबा दमले तर अर्ध्यातून घरी येता येईल. आईंना आपल्या पलंगावर झोपता येईल. ५० डॉलरमध्ये काम होतं.

एडिसन_चहा
रटगर्स. घराजवळ आहे.

कराडकर_डीसी
बाबा पैलवान आहेत आणि कुणी पेन स्टेट विद्यापीठाचं नाव काढत नाही? परवाच, २२ मार्चला, फिलाडेल्फियात एनसीएए, म्हणजे कॉलेजांच्या राष्ट्रीय कुस्ती स्पर्धेची फायनल झाली. पेन स्टेट सलग चौथ्यांदा विजेते, १७७ गुण, स्पर्धेच्या इतिहासात सर्वाधिक. कार्टर स्टारोची पाच वेळा विजेता झाला, डिव्हिजन वन या सर्वांत वरच्या गटात असा पहिलाच. प्रशिक्षक केल सँडरसन स्वतः कॉलेजात १५९ कुस्त्या लढला आणि एकही हरला नाही, मग २००४ ला ऑलिंपिकचं सुवर्ण. मी तिकडे होतो. आपल्या खाशाबांनी १९५२ ला हेलसिंकीत कांस्य आणलं ते लोकांच्या वर्गणीवर जाऊन. या पोरांची तालीम बघताना माझ्या डोळ्यांसमोर खाशाबांचं गाव, गोळेश्वर, उभं राहिलं. बाबांना पेन स्टेटलाच न्या.

मॅटवरचा_मारुती
कराडकर, कुस्तीचा सीझन त्याच फायनलने संपला. एप्रिलमध्ये तिथे एकही लढत नाही.

कराडकर_डीसी
माहीत आहे. पण तीर्थाला जाताना रोज उत्सव असतो का?

फ्रिस्कोचे_बाबा (टेक्सस)
मुलाच्या दृष्टीने लिहितो. माझा मोठा मुलगा लाइनमनच, तीन विद्यापीठांकडून स्कॉलरशिपची ऑफर आली होती, सध्या दुसऱ्या वर्षाला आहे. आम्ही हजारो डॉलर खर्चून स्प्रिंग गेम फिरलो. तिथे कुणी नववीतला मुलगा हेरत नाही, प्रशिक्षकांचं लक्ष स्वतःच्या संघावर असतं. उन्हाळ्यातल्या एकदिवसीय कॅम्पमध्ये ते मुलाचे पाय बघतात: पहिलं पाऊल किती आखूड आहे, ढुंगण किती खाली राहतं. पैसे तिथे घाला. तरी गेलात तर मुलाला बॉल बघू देऊ नका. गार्ड आणि टॅकल, म्हणजे लाइनमधल्या या दोन जागांवरच्या पोरांचेच पाय बघायला सांगा, पूर्ण सामना. आजोबांना हे काम त्याच्यापेक्षा चांगलं जमेल.

आजीचा_डबा
पिशवीचं कुणी सांगितलंच नाही! आम्ही एका स्टेडियमवर सासूबाईंना नेलं होतं. त्यांची कापडी पिशवी, आत डबा, धपाटे, दही. गेटवरच्या मुलीने सांगितलं, आरपार दिसणारीच पिशवी चालते आणि खाणं आत नेता येत नाही. गाडी मैलभर लांब. सासूबाईंनी तिथेच उभं राहून अर्धा डबा संपवला आणि उरलेला मागच्या रांगेतल्या कुटुंबाला दिला. डबा पार्किंगमध्येच खा, तिथे सगळे खातच असतात. बऱ्याच ठिकाणी बाकांना पाठ नसते, अ‍ॅल्युमिनियमची फळी असते आणि एप्रिलमध्ये ती बर्फासारखी लागते. एक घोंगडी अंगावर आणि एक खाली. औषधं असतील तर त्या स्टेडियमचे नियम आदल्या दिवशी वाचा.

एडिसन_चहा
म्हणूनच म्हणतोय, रटगर्स. घोंगडी विसरली तर घरून आणता येते.

पोर्टलवर_नजर
तारखांचं एक बघा. वसंतातली ट्रान्सफरची खिडकी यंदा १६ ते २५ एप्रिल आहे. मिशिगनचा सामना तिच्या मधोमध येतो, ओहायो स्टेटचा आधी. म्हणजे मैदानात दिसलेला मुलगा पुढच्या आठवड्यात गायब असू शकतो. पेन स्टेटचा स्प्रिंग गेम, ब्लू-व्हाइट, २६ एप्रिलला, खिडकी बंद झाल्याच्या दुसऱ्या दिवशी. त्या दिवशी निळ्या-पांढऱ्यात जे उभे असतील, त्यातले बहुतेक सप्टेंबरमध्येही तिथेच असतील. नवखा बघणारा नावं लक्षात ठेवू लागला की याला फार किंमत आहे. 

पिस्काटवे_पाटील
जायला चार तास, यायला चार तास, ७१ वर्षांच्या माणसाला. मला हे पटत नाही.

निळीपिवळी
ताई, गुडघ्याचं विसरू नका. आणि मिशिगनचा विचार करा, विमानाचं तिकीट आत्ता स्वस्त असेल.

कुंडलची_लेक
सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री हा धागा बाबांना फोनवर वाचून दाखवला. रटगर्स सगळ्यात शहाणपणाचं आहे हे मला कळतंय, पाटील, आणि आई तुमच्या बाजूने आहे. पण कराडकरांचा प्रतिसाद वाचला आणि बाबांनी मध्येच थांबवलं. "एकशे एकोणसाठ? एकबी न्हाई हरला? त्या गड्याची तालीम कुठं हाय ती आधी दाव, मग तुझं फुटबॉल बघू."
तर २६ एप्रिल, पेन स्टेट. पहाटे पाचला निघणार, दर दीड तासाला थांबून बाबांना पाय मोकळे करू देणार. आधी रेक हॉल, कुस्त्या होतात ती इमारत, आत जाता नाही आलं तरी बाहेरून. मग स्टेडियम, खालच्या रांगेचा मोह न धरता. धपाटे पार्किंगमध्ये. मुलाला फ्रिस्कोच्या बाबांचं सांगितलंय, तो गार्डचे पाय बघणार आणि आजोबा टॅकलचे. गॅस आणि टोल धरून दीडशेच्या आत बसतंय. उरलेल्या शंभरात टी-शर्ट, बिननंबरचा.
आता एकच विचारायचंय. पाठ असलेली घडीची बैठक बाकावर लावता येते, ती पेन स्टेटला आत नेऊ देतात का? कुणी नेली असेल तर मापासकट सांगा.

कराडकर_डीसी
मी त्याच दिवशी येतो. डीसीहूनही जवळपास तेवढाच पल्ला आहे. बैठकीची चौकशी करून उद्या लिहितो. बाबांना माझा नमस्कार सांगा आणि विचारा, कुंडलला कोणत्या वस्तादाकडे होते.