शब्दचर्चा : ‘देवाबरोबर शांती’ की ‘देवाबरोबर समेट’?

मूळ प्रश्न

आमची आजी गेल्या महिन्यात प्रभूमध्ये झोपी गेली. नगर जिल्ह्यातल्या आमच्या गावी तिच्या कबरीवर दगड बसवायचा आहे आणि कोरणाऱ्याने मजकूर मागितलाय. नाव, जन्म, मृत्यू आणि खाली एक ओळ. वडील म्हणतात, ‘देवाबरोबर शांती’ लिहू. पण शेवटच्या आठवड्यात आमच्या चर्चचे पाळकसाहेब भेटायला आले, तेव्हा आजी त्यांना म्हणाली होती, “साहेब, माझा देवाबरोबर समेट झालाय. आता बोलावणं आलं तरी मी तयार हाय.” मी उशाशी बसून तिला चमच्याने पेज भरवत होते, त्यामुळे शब्द पक्का आठवतो. समेट.

चुलत्यांना हा शब्द दगडावर नको आहे. समेट म्हटलं की आधी भांडण आलं, आणि एवढ्या देवभीरू बाईचं देवाशी भांडण कसलं, असं ते म्हणतात. या दोन शब्दांत नेमका फरक काय? जाणकारांनी सांगावं. दगडावर एकदा कोरलं की बदलता येत नाही.

प्रतिसाद

मी ख्रिस्ती नाही, फक्त भाषेपुरतं लिहितो. आमच्या घरी शांत ही ‘करायची’ गोष्ट असते : वास्तुशांत, ग्रहशांत, साठीशांत. तिच्या मुळाशी कोपलेल्याला निववणं आहे. दुसरीकडे शांती म्हणजे मनाची स्थिती, मनःशांती. ‘देवाबरोबर शांती’ वाचताना मी अडखळलो, कारण मराठीत कुणा‘बरोबर’ शांती नसते. सख्य असतं, सलोखा असतो, वैर असतं. दोन पक्ष आले की आपण शांतीऐवजी हे शब्द वापरतो.

प्रतिसाद

वरचं अडखळणं अगदी योग्य जागी झालंय, म्हणून जरा सविस्तर लिहिते. माझे आजोबा पाळक होते. उपासनेची भाषा ऐकतच मी वाढले आणि पुढे ग्रीक शिकले.

बायबलमध्ये प्रेषित पौलाचं रोमकरांस पत्र आहे, त्याच्या पाचव्या अध्यायात दोन्ही शब्द जवळजवळ येतात. पहिल्या वचनात ‘शांती’, दहाव्यात ‘समेट’. शांतीसाठी मुळात ‘एइरेने’ आहे. पौल ग्रीकमध्ये लिहीत असला तरी यहुदी होता, आणि त्याच्या कानात ‘शालोम’ हा हिब्रू शब्द असणार. शालोम म्हणजे नुसती गडबड थांबणं नव्हे. ज्यात काही तुटलेलं नाही, काही उणं नाही, अशी अवस्था. माणसाची, घराची, नात्याचीसुद्धा. म्हणून कुणा‘बरोबर’ शालोम असू शकतो, आपल्या ‘शांती’ला ते जड जातं.

समेटासाठी ‘कतल्लागे’. नव्या करारात हा शब्द फक्त पौलाच्या पत्रांत सापडतो. ग्रीक बाजारात तो नाणी बदलून देण्यासाठी वापरत. पण करिंथकरांस पहिल्या पत्राच्या सातव्या अध्यायात, नवऱ्यापासून वेगळ्या झालेल्या बायकोने त्याच्याशी समेट करावा असं सांगताना पौलाने याच शब्दाचं क्रियापद घेतलंय. म्हणजे हा घरातला शब्द आहे. रुसून माहेरी गेलेलं माणूस परत येतं, त्याचा.

आता काकांची शंका. पौल भांडण लपवत नाही. आपण शत्रू होतो तेव्हाच हा समेट झाला, असं तो त्याच दहाव्या वचनात लिहितो. यात आजीचा कमीपणा नाही, तो प्रत्येकाबद्दल बोलतोय. आणि दुसऱ्या करिंथकरांसच्या पाचव्या अध्यायात समेट करणारा कोण आहे ते वाक्याच्या कर्त्यावरून बघा. कर्ता देव आहे. ज्याच्याविरुद्ध अपराध झाला तोच आपल्या पायांनी चालत आलाय. वरच्या दादांनी शांत करण्याबद्दल लिहिलं, त्याच्या बरोबर उलट दिशा. माणसाने देवाला निववलं असं नाही, देवाने ख्रिस्ताच्या द्वारे माणसाला परत घरात घेतलं. म्हणून मला इथे ‘तडजोड’ही चालत नाही (त्यात दोघेही थोडं थोडं सोडतात) आणि ‘तह’ही नाही. तह राजे करतात, आणि मोडतातही.

आणखी एक बारकावा, माझ्या फार आवडीचा. त्या पहिल्या वचनात जुन्या हस्तलिखितांमध्ये एका अक्षराचा फरक आहे. ऱ्हस्व ‘ओ’ असेल तर अर्थ होतो ‘देवाबरोबर आपल्याला शांती आहे’. दीर्घ असेल तर ‘आपण ती राखू या’. दोन्ही पाठ जुने आहेत. पुढच्या वचनांचा ओघ बघता मला ‘आहे’च खरं वाटतं, कारण पौल तिथे जे होऊन गेलंय त्याबद्दल बोलतोय.

प्रतिसाद

थोडं अवांतर : ख्रिस्ती मराठीत ‘तारण’ म्हणजे उद्धार आणि बँकेत तारण म्हणजे कर्जापोटी ठेवलेलं सोनं. मार्कच्या दहाव्या अध्यायात येशू आपला जीव ‘खंडणी’ म्हणून देण्याविषयी बोलतो, आणि आज खंडणी म्हटली की पेपरातली गुंडगिरीच आठवते. त्या मानाने समेटाचा अर्थ जागेवर राहिलाय. गावात आजही तो त्याच अर्थाने कानावर येतो.

प्रतिसाद

पंडिता रमाबाईंची आठवण इथे काढायलाच हवी. १८८३ साली इंग्लंडमध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला. पण १९०७ मध्ये लिहिलेल्या आपल्या साक्षीत त्या मोकळेपणाने सांगतात की तेव्हा त्यांना ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळाला नव्हता. मनाला विसावा मिळायला त्यानंतर काही वर्षं गेली. एवढी संस्कृत जाणणारी विदुषी! विचार पटणं वेगळं आणि नातं जुळणं वेगळं, हे त्यांनी स्वतः भोगून लिहिलंय.

पुढे पुण्याजवळच्या केडगावला त्यांनी हिब्रू आणि ग्रीक शिकून अख्खं बायबल सोप्या मराठीत आणलं. १९२२ मध्ये मरणाच्या अगदी आधीपर्यंत हे काम चालू होतं. बोजड संस्कृत शब्द त्यांना नको होते, कारण त्यांनी निराधार स्त्रियांसाठी काढलेल्या मुक्ती मिशनमधल्या साध्या बायकांना वाचून कळावं ही तळमळ होती. आजींनी शेवटच्या घडीला पुस्तकी शब्द न वापरता घरातला वापरला, यात मला तोच धागा दिसतो.

प्रतिसाद

‘देवाशी’ की ‘देवाबरोबर’? भांडण -शी होतं, म्हणून समेटही -शी व्हायला हवा. ‘बरोबर’ हे भाषांतरी वाटतं.

प्रतिसाद (वरच्या ग्रीकवाल्या)

व्याकरण तुमच्या बाजूने आहे, पण मंडळीत, म्हणजे चर्चच्या लोकांत, पिढ्यान्‌पिढ्या ‘बरोबर’ रुळलंय आणि त्याला स्वतःचं वजन आलंय. बायबलच्या पहिल्या पुस्तकात, उत्पत्तीत, हनोख नावाचा माणूस देवाबरोबर चालला असं आहे. भांडण देवाशी, चालणं देवाबरोबर. आजींनी ‘बरोबर’ म्हटलं असेल तर ते बदलू नका.

मूळ प्रश्नकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री जेवणं झाल्यावर हे सगळं चुलत्यांना मोठ्याने वाचून दाखवलं. ते बराच वेळ गप्प होते. मग त्यांनीच एक गोष्ट सांगितली, जी मला माहीत नव्हती.

बांधावरच्या चिंचेच्या झाडावरून आजीचा आणि तिच्या थोरल्या बहिणीचा अकरा वर्षं अबोला होता. घरं समोरासमोर, पण आजी पाण्यालाही लांबच्या वाटेने जायची. एका नाताळाच्या आधी पाळकांनी मत्तयाच्या शुभवर्तमानातलं ते वचन वाचलं, वेदीपाशी दान तिथेच ठेव आणि आधी भावाबरोबर समेट कर. दुसऱ्या दिवशी प्रभुभोजन होतं. संध्याकाळी आजी स्वयंपाक अर्धा टाकून उठली, कंदील घेतला आणि समोर गेली. चुलते तेव्हा नऊ वर्षांचे, दारात उभे राहून बघत होते. आत काय बोलणं झालं ते कुणालाच कळलं नाही. परत आली तेव्हा ओच्यात चिंचा होत्या. त्या तिने परातीत ओतल्या आणि एवढंच म्हणाली, “समेट झाला.”

“तोच शब्द,” चुलते म्हणाले. “तिला दुसरा कुठला सुचणार?”

आज सकाळी कोरणाऱ्याला मजकूर पाठवला : ‘देवाबरोबर समेट झाला आहे’. त्याचा फोन आला की ओळ लांब होतेय, ‘आहे’ काढला तर एका ओळीत बसेल. फोन वडिलांकडे होता. ते म्हणाले, दोन ओळी करा, पण ‘आहे’ राहू द्या.