मदत हवी आहे : ट्रॅव्हल्स विकली गेली, डेपो बंद, बाबांकडे सोमवारपर्यंत राजीनामा मागतायत

खाडीकाठ (शुक्रवार, रात्री १०.४२)
कायद्यातलं कळणारं किंवा अशातून गेलेलं कोणी असेल तर प्लीज लगेच सांगा, वेळ अजिबात नाही. बाबा मालवणात एका ट्रॅव्हल्सच्या डेपोत मेकॅनिक आहेत. जुन्या मालकांनी कंपनी विकली. नव्यांनी आधी दोन गाड्या कमी केल्या, मग उरलेली मुंबईची गाडी हायवेवरच्या कसाललाच थांबवायला लागले, तिथून पुढे छोटी गाडी. आता डेपोच बंद करतायत. काल सगळ्यांना बोलावून सांगितलं की कोल्हापूरच्या वर्कशॉपला रुजू व्हा, नाहीतर राजीनामा लिहून द्या आणि ६० हजार घ्या. सोमवारी सही. बाबा कोल्हापूरला जाऊ शकत नाहीत. सही केली नाही तर हे ६० हजारसुद्धा बुडतील का? एवढंच सांगा.

तिठ्यावरचा (रात्री १०.५५)
कुठली ट्रॅव्हल्स? नाव लिहा, म्हणजे बाकीचे सावध होतील.

खाडीकाठ (रात्री १०.५८)
नाव लिहिणार नाही. बाबा अजून तिथेच कामाला आहेत.

कलम_कागद (रात्री ११.१०)
सही करू नका. आधी ही माहिती द्या: नोकरी किती वर्षं? नेमणूकपत्र आहे का, आणि त्यात बदलीची अट आहे का? पीएफ कापतात का? कंपनी नक्की कोणत्या तारखेला विकली गेली? एकूण कामगार किती? कोल्हापूरचं लेखी दिलंय की तोंडी? याशिवाय कोणीही काही सांगितलं तर तो अंदाज असेल.

पाटा_स्प्रिंग (रात्री ११.१८)
मी स्वतः २२ वर्षं गॅरेज चालवतोय. ताई, मेकॅनिक माणूस उपाशी मरत नाही. ६० हजार घ्या आणि हायवेला शेड टाका. चौपदरीकरण झाल्यापासून ट्रक, टुरिस्ट गाड्या किती वाढल्या बघा. मुद्रा कर्जात शिशु गटात ५० हजारांपर्यंत तारणाशिवाय मिळतात. कोर्टकचेरीत चपला झिजतात. मी माझ्या अनुभवावरून सांगतोय.

निवृत्त_कामगार (रात्री ११.२६)
पाटा_स्प्रिंग, त्यांनी गॅरेज टाकू का असं विचारलेलं नाही. ज्या माणसाचे हक्काचे पैसे देणं लागतं त्याला कर्ज घ्यायला सांगताय?
खाडीकाठ, बाळा, राजीनामा या एका शब्दासाठी ते ६० हजार देतायत, हे लक्षात ठेव. काढून टाकलं तर भरपाई द्यावी लागते. स्वतःहून सोडलं तर ती भरपाई नाही. ग्रॅच्युइटी, म्हणजे नोकरीच्या वर्षांवर मिळणारी रक्कम, मात्र पाच वर्षं भरली असतील तर राजीनाम्यानंतरही मिळते, ती त्यांच्या मर्जीवर नाही. आणि सोबत ‘मला कंपनीकडून काहीही येणे नाही’ असा कागद नक्की असेल. असतोच.

खाडीकाठ (रात्री ११.५०)
हो काका, तसाच कागद आहे. बाबांनी फोटो पाठवलाय. शेवटची ओळ हुबेहूब तीच.
विचारलेलं सगळं सांगते. बाबा जून २००६ पासून आहेत. जुन्या मालकांकडे तीन गाड्या होत्या तेव्हापासून. नेमणूकपत्र कधी मिळालंच नाही, मालक म्हणायचे आपण घरचीच माणसं. पीएफ २०१४ पासून कापतात. पगार २२ हजार, त्यात बेसिक ९ हजार, बाकी भत्ते. कंपनी दसऱ्यानंतर विकली, तारीख माहीत नाही. डेपोत सात जण. कोल्हापूरचं फक्त तोंडी.
बाबा का जाऊ शकत नाहीत ते लिहायचं राहिलं. आजी अंथरुणाला खिळलेली आहे आणि आईला एकटीला तिला उचलता येत नाही. मी पुण्यात. १९ वर्षं बाबा रात्री अडीचला उठून डेपोत जायचे, गाडी आली की पाटे, लायनर, एअर लीक सगळं तपासून संध्याकाळच्या फेरीला उभी करून द्यायचे. आमच्याकडच्या खाऱ्या हवेत चेसिस किती लवकर सडते ते इथल्या गाडीवाल्यांना माहीत आहे. त्यांच्या हाताखाली एकही गाडी ब्रेकमुळे घाटात अडकलेली नाही. काल त्यांच्या अर्ध्या वयाच्या माणसाने त्यांना ‘ओ मिस्त्री, निर्णय पटकन घ्या’ म्हणून सांगितलं. घरी येऊन ते जेवले नाहीत.

हापूसवाला (शनिवार, सकाळी ७.०५)
हाच डेपो ना, जिथून पेट्या जायच्या? आमचे मार्चपासूनचे पार्सल तिथूनच असायचे. रात्री गाडीला दिली की सकाळी दादरला गिऱ्हाइकाच्या हातात. आता कसालपर्यंत टेम्पोने न्यायचं तर पेटीमागे खर्च वाढणार आणि दोनदा उतरवाउतरव, म्हणजे फळ दबणार. देवगडच्या बाजूला कोणी दुसरी सोय केली असेल तर सांगा.

तिठ्यावरचा (सकाळी ७.४०)
एसटीची पार्सल सेवा आहे की.

हापूसवाला (सकाळी ७.४४)
आहे, पण माझ्या गावाहून आगार २० किलोमीटर. पेट्या डोक्यावरून नेऊ?

कलम_कागद (सकाळी ८.३०)
आंब्यासाठी वेगळा धागा काढा, कृपया. इथे सोमवारची मुदत आहे.

खाडीकाठ, आता नीट सांगता येईल.

जून २००६ ते आता जानेवारी २०२६ म्हणजे १९ वर्षं ७ महिने. सहा महिन्यांच्या वरचा तुकडा पूर्ण वर्ष धरतात, म्हणून २० वर्षं. ग्रॅच्युइटीचं सूत्र: शेवटचा पगार × १५ ÷ २६ × वर्षं. ते ९ हजार बेसिक धरतील, तर १,०३,८४६ रुपये होतात. पण २१ नोव्हेंबर २०२५ पासून चारही कामगार संहिता, म्हणजे जुन्या कामगार कायद्यांच्या जागी आलेले नवे कायदे, लागू झाल्या आहेत. त्यात वगळायचे भत्ते एकूण पगाराच्या निम्म्याहून जास्त असतील, तर वरची रक्कम वेतनात धरावी लागते. तुमच्या वडिलांचे भत्ते १३ हजार, निम्मे ११ हजार. म्हणजे वेतन ९ नाही, ११ हजार धरायचं. ग्रॅच्युइटी १,२६,९२३ रुपये. ही एकटीच ६० हजारांच्या दुपटीहून जास्त आहे.

भरपाई वेगळी. कंपनीची मालकी बदलली आणि नोकरीत खंड पडला किंवा अटी आधीपेक्षा वाईट झाल्या, तर औद्योगिक विवाद कायदा १९४७ च्या कलम २५ एफएफ प्रमाणे कामगाराला कामावरून कमी केल्यासारखीच भरपाई मिळते: दर वर्षामागे १५ दिवसांचा सरासरी पगार, शिवाय एक महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार. भत्ते धरून २२ हजारांचे १५ दिवसांचे ११ हजार, गुणिले २०, म्हणजे २ लाख २० हजार.

निवृत्त_कामगार (सकाळी ८.५५)
कलम_कागद, १९४७ चा कायदा आता कुठे राहिला? तुम्हीच वर म्हणालात संहिता लागू झाल्या. कलम २५ एफएफ घेऊन गेलात तर समोरचा वकील पहिल्याच दिवशी परत पाठवेल.

कलम_कागद (सकाळी ९.१२)
म्हणूनच पहिल्याच प्रतिसादात विक्रीची तारीख विचारली. दसरा २ ऑक्टोबरला होता. हस्तांतर २१ नोव्हेंबरच्या आधी झालं असेल तर त्या हस्तांतराचे हक्क जुन्या कायद्याचे. डेपो मात्र आता बंद होतोय, त्याला औद्योगिक संबंध संहिता. दर वर्षामागे १५ दिवस हा हिशोब तिथेही आहे, फक्त कोणता पगार धरायचा यावर भांडण होईल. अर्जात दोन्ही मागण्या लिहायच्या.

निवृत्त_कामगार (सकाळी ९.२०)
हे पटलं. पण तीन महिने नव्या कंपनीने पगार दिलाय ना? मग ते म्हणणार नोकरी अखंड चालू होती, हस्तांतराची भरपाई लागूच नाही.

कलम_कागद (सकाळी ९.२४)
म्हणू देत. मग अखंड नोकरी त्यांनी स्वतःच कबूल केली. म्हणजे डेपो बंद केल्याच्या भरपाईत पूर्ण २० वर्षं त्यांनीच द्यायची. एका बाजूने तरी अडकणारच.

वेळागर (सकाळी १०.०२)
सात कामगार म्हणजे कंपनीवर काहीच बंधन नसतं. माझ्या मेव्हण्याच्या हॉटेलात असंच झालं होतं.

कलम_कागद (सकाळी १०.१५)
अर्धवट माहिती देऊ नका. ५० पेक्षा कमी कामगार असतील तर बंद करण्याआधी ६० दिवस सरकारला नोटीस द्यावी लागत नाही. भरपाई लागतेच. ग्रॅच्युइटीला १० कामगार लागतात, पण ते एका डेपोचे नाही, पूर्ण आस्थापनेचे. ड्रायव्हर, क्लीनर, मुंबईचं बुकिंग ऑफिस धरून दहा होतातच. आणि एकदा लागू झाली की पुढे माणसं कमी झाली तरी लागू राहते.

मोरीचो_काठ (सकाळी १०.४०)
बाय गे, वडलांका सांग सही अजिबात करू नको. माका पण असोच फसवल्यानी. एका वर्षान परत बोलावतो म्हणान सांगल्यानी, सही घेतल्यानी, मगे फोन पण उचलूक नाय. माझी सोळा वर्षा गेली. माझ्याकडे सांगणारा कोण नव्हता.

खाडीकाठ (सकाळी ११.०५)
मोरीचो_काठ काका, तुमचं वाचून दाखवलं बाबांना. ते गप्प बसले बराच वेळ, मग म्हणाले, ‘फोन लाव परत, ते आकडे सांग.’
पण एक प्रश्न. कोल्हापूरला नाही गेले तर ‘कामावर आले नाहीत’ म्हणून काढतील ना? मग भरपाई जाईल?

पाटा_स्प्रिंग (सकाळी ११.२०)
जाईल. बदली नाकारली की गैरहजर. म्हणून मी म्हणतो पैसे घेऊन मोकळे व्हा.

निवृत्त_कामगार (सकाळी ११.३८)
ही भीती खरी आहे, म्हणून गप्प बसायचं नाही. सोमवारी हजर राहून लेखी पत्र द्यायचं: मी कामावर हजर आहे, काम करायला तयार आहे, बदलीचा आदेश लेखी द्या, त्यात पगार, राहण्याची सोय आणि २००६ पासूनची सलग नोकरी नमूद करा, घरी आजारी वृद्ध आई आहे. दोन प्रती. एकीवर पोच घ्या. पोच दिली नाही तर त्याच दिवशी पोस्टाने पाठवा. नुसतं ‘जमणार नाही’ म्हणून घरी आलात तर पाटा_स्प्रिंग म्हणतात तसंच होईल.

तिठ्यावरचा (दुपारी १२.१०)
मुळात कोकणात कोणीतरी बाहेरचा येतो, विकत घेतो आणि नफ्याच्या दोन फेऱ्या ठेवून बाकी बंद करतो. कोकण रेल्वेचं भारतीय रेल्वेत विलीनीकरण होणार म्हणतायत, राज्याने संमतीही दिलीय. १९९८ पासून ही गाडी आमच्या हक्काची, पुढे आमच्या छोट्या स्टेशनांचे थांबे कोण बघणार?

वेळागर (दुपारी १२.२२)
विलीनीकरण झालं तर उलट पैसा येईल, दुपदरीकरण होईल. थांबे आत्ता तरी कुठे मिळतायत?

तिठ्यावरचा (दुपारी १२.३०)
एसटीच्या कर्मचाऱ्यांनीही २०२१ ला विलीनीकरणासाठीच संप केला होता, एप्रिल २०२२ पर्यंत चालला. तेव्हा गावात लोक किती हाल काढत होते ते आठवा. बाजारपेठेत जायला गाडी नव्हती, म्हणून तर या खासगीवाल्यांची चंगळ झाली.

कलम_कागद (दुपारी १.००)
रेल्वेवर नंतर बोलू. खाडीकाठ, आणखी दोन गोष्टी.
जिल्हा न्यायालयात विधी सेवा प्राधिकरण असतं. १९८७ च्या कायद्याप्रमाणे महिलांना आणि औद्योगिक कामगारांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. सातही जण एकत्र गेले तर बरं. तक्रार जिल्ह्याच्या कामगार कार्यालयात द्यायची, सोमवारच्या पत्राची पोच जोडून.
दुसरं, वडिलांच्या यूएएनवर (पीएफचा कायमचा खाते क्रमांक) पीएफचं पासबुक उघडा आणि प्रत्येक वर्षापुढे कंपनीचं नाव काय आहे ते पहा. मालक बदलला तरी आधीची थकबाकी हवेत जात नाही, ती जुन्या आणि नव्या दोघांवर असते. आत्ताच डाउनलोड करून ठेवा.

खाडीकाठ (शनिवार, रात्री ९.१५)
पासबुक मिळालं. २०१४ ते २०१९ एक नाव, पुढे दुसरं. दोन्ही जुन्या मालकांच्याच घरातली, बाबा एकाच जागी काम करत होते. ऑक्टोबर आणि नोव्हेंबर २०२५ चा पीएफ भरलेलाच नाही, पगारातून मात्र कापलाय. मला हे बघून खूप राग आला.

कलम_कागद (रात्री ९.३०)
कापून न भरणं हा गुन्हा आहे. पगाराच्या पावत्या असतील तर पीएफच्या तक्रार पोर्टलवर लगेच नोंदवा. आणि २००६ ते २०१४ चा पुरावा शोधा. ओळखपत्र, हजेरीचा कागद, स्पेअर पार्टच्या बिलावरची सही, डेपोतला जुना फोटो, काहीही.

खाडीकाठ (सोमवार, दुपारी ३.२०)
बाबा सकाळी गेले. पत्र दिलं, त्या माणसाने वाचलं आणि पोच द्यायला नकार दिला. बाबांनी तिथे वाद घातला नाही, सरळ पोस्टात गेले. रजिस्टर वेगळं राहिलेलं नाही म्हणाले, स्पीड पोस्टनेच पोच मागून पाठवलं. पावती माझ्याकडे आलीय. परत डेपोत जाऊन संध्याकाळपर्यंत बसणार आहेत, काम दिलं नाही तरी. सातपैकी दोघांनी सही केली. एकाच्या मुलीचं लग्न आहे, त्याला पैसे लगेच हवे होते. चौघे बाबांबरोबर उद्या विधी सेवेत येतायत.

निवृत्त_कामगार (दुपारी ३.४०)
शाब्बास. त्या दोघांना दोष देऊ नका. आणि त्यांनाही उद्या बरोबर न्या. ग्रॅच्युइटी त्यांची गेलेली नाही.

हापूसवाला (दुपारी ४.०५)
तुमच्या बाबांना मी ओळखतो बहुतेक. एकदा पहाटे गाडीखालून बाहेर येऊन माझ्या पेट्या स्वतः सावलीत ठेवल्या होत्या. साक्ष लागली तर मी येईन. २०१० पासून तिथे पार्सल देतोय, माझ्याकडे पावत्या आहेत, काहींवर त्यांची सही असेल.

खाडीकाठ (दुपारी ४.३२)
काका, खूप खूप आभार. व्यक्तिगत निरोपात नंबर पाठवते.
कलम_कागद काका, २००६ ते २०१४ चं ओळखपत्र सापडलं नाही. पण आईने दिवाळीच्या बोनसची पाकिटं ठेवलीयत, सगळी. वर बाबांचं नाव, वर्ष आणि जुन्या मालकांच्या हाताने ‘मिस्त्री’ लिहिलेलं आहे. पहिलं २००६ चं. असलं चालतं का?

कलम_कागद (दुपारी ४.३६)
चालतं. दोन्ही बाजूंचे फोटो काढा. मूळ पाकिटं कोणाच्याही हातात देऊ नका, वकिलाच्यासुद्धा नाही, फक्त दाखवा.