साइट संपली की बायका निघून जातात, गोधडीचं काम टिकवायचं कसं?

हिंजवडीची_ताई
नमस्कार मंडळी, थोडं मोठं लिहितेय पण पूर्ण वाचा प्लीज.

गेली तीन वर्षं आम्ही पाच-सहा जणी हिंजवडी-माण भागातल्या एका लेबर कॅम्पशेजारी गोधडीचं काम चालवतोय. एक पत्र्याची शेड मिळालीये, दुपारी दोन ते पाच तिथं बसतो. बायका लातूर, नांदेड, कलबुर्गीकडच्या, काही बिहार-छत्तीसगडच्या. नवरे गवंडीकाम नाहीतर सेंट्रिंगला, या बिगारी म्हणून जातात, आणि पोर लहान असलं की खोलीवरच. खोलीवर राहणारीच्या हातात पैसाच नसतो हो. आठवड्याची खर्ची मुकादम नवऱ्याकडं देतो, मग पोराला ताप आला तरी औषधासाठी संध्याकाळपर्यंत थांबायचं. हे बघूनच सुरू केलं होतं.

आता अडचण अशी की विकण्यासारखं काम हाताला बसेपर्यंत चार-पाच महिने जातात आणि तोवर बिल्डिंगचं प्लास्टर संपतं, ठेकेदार सगळी टोळी उचलून मोशीला नाहीतर वाघोलीला नेतो, कोणी गावाला जातं ते परतच येत नाही. दिवाळीनंतर चौदा जणी होत्या, आता पाच. मदत देणारे विचारतात किती बायका टिकल्या, मला उत्तर देता येत नाही. गेल्या शुक्रवारी एक जण आली, गुरुवारी निघणार म्हणाली, आणि अर्धी झालेली गोधडी नीट घडी घालून माझ्या मांडीवर ठेवली, "ताई हे तुम्ही पुरं करा." रात्रभर झोप नाही लागली. टाके तिचे आणि पुरी करणार मी? तुमच्यापैकी कोणी असं काम केलंय का, काय केलंत सांगा.

धावदोरा
ताई, मी वाघोलीकडं बरीच वर्षं हेच केलंय, म्हणून मोकळेपणानं लिहिते. "टिकल्या किती" हा प्रश्नच चुकीच्या जागेवरून विचारलेला आहे. बांधकामावरचं कुटुंब फिरणारच, ते आपल्या शेडसाठी थांबणार नाही आणि थांबूही नये. काम असं बसवा की ते तिच्यासोबत जाईल.

आम्ही दोन बदल केले. एक, पैसे गोधडी विकल्यावर द्यायचे नाहीत, टाके घातले त्या आठवड्यातच द्यायचे. जेवढी भरली तेवढे, वीत मोजून. आमच्याकडची एक मावशी सगळं वितेनंच मोजायची, टेप दिला तर बाजूला ठेवायची, आणि कधी बोटभर फरक पडला नाही. विकली जाईल तेव्हा जाईल, तो भार आपला, तिचा नाही. दोन, निघणारीला अर्धी गोधडी, दोऱ्याची रिळं आणि सुया बांधून द्यायच्या. पुरी करून कुणाच्या हाती पाठवली तर उरलेले पैसे खात्यात, नाही पाठवली तर ती तिच्या पोराच्या अंगावर गेली. दोन्ही चालतं.

पहिल्या वर्षी नुकसान झालं हे खरं आहे. पण नंतर मोशीहून, चाकणहून पिशव्या यायला लागल्या, आणि पिशवीसोबत कधी नवीन बाई पण.

सदाशिव_पेठेतून
सर्वांना नमस्कार. मी फक्त कापड गोळा करून देते. बऱ्याच ठिकाणी सुचवतात की गोधडीचे छोटे चौकोन करा, दहा जणींना वाटा, शेवटी जोडा, म्हणजे कोणी गेलं तरी अडत नाही. सोयीचं आहे, पण मला पटत नाही. गोधडी एका बाईची असते, कडेपासून आत आत येत जाते ती तिच्या हाताच्या लयीनं, चौकोन केले की सगळ्यांचे टाके सारखे पाहिजेत म्हणून आपण चांगल्या हाताला पण साचा लावतो. पिशव्या, उशांचे अभ्रे चौकोनातून करा, गोधडी नको.

दुसरं कापडाचं. आजकाल लोक सिंथेटिक साड्या आणून देतात, त्या थरांमध्ये सरकतात आणि अंगाला गरम होतात. जुनी सुती लुगडी मागा, आमच्या भागात ट्रंकांमध्ये अजून आहेत, आजी गेली की घरच्यांना काय करायचं कळत नाही. देणाऱ्यांना सांगायचं, धुऊन, उन्हात वाळवून द्या.

नोंदवही
मी हिशोबाचं बघतो अशाच एका गटाचं, तर कागदांबद्दल लिहितो कारण बाई गेल्यावर सोबत कागदच जातात. खातं तिच्या एकटीच्या नावावर पाहिजे, जनधन असलं तरी चालेल, आणि मोबाइल नंबर तिचाच जोडलेला आहे ना ते बघा, खूप ठिकाणी मुकादमाचा नंबर असतो. ई-श्रमची, म्हणजे असंघटित कामगारांची सरकारी नोंदणी, जी २०२१ पासून आहे, ती करून घ्या. ज्या स्वतः बिगारी म्हणून वर्षात ९० दिवस बांधकामावर जातात त्यांची बांधकाम कामगार मंडळात वेगळी नोंदणी होते, सर्टिफिकेटसाठी ठेकेदाराच्या मागे लागावं लागतं, ते काम तुम्ही करा, बाईला एकटीला पाठवू नका. रेशनचं पण, कार्ड गावचं असलं तरी 'एक देश एक रेशन कार्ड'मध्ये पुण्यात धान्य मिळतं, अर्धं कुटुंब गावी असेल तर थोडं इथं थोडं तिथं असंही उचलता येतं. आधार जोडलेलं पाहिजे. आमच्याकडं एका बाईला चार महिने दुकानदार "गावाला जाऊन घ्या" म्हणत राहिला, सोबत एक जण उभं राहिलं तेव्हा पहिल्याच दिवशी मिळालं.

वारज्याचा_मुलगा
मी असल्याच खोल्यांमध्ये वाढलो, वारज्याच्या मजूर अड्ड्याजवळ. आई-बाबा बीडकडचे. दर साइटला सामान हललं की एक पेटी, एक स्टोव्ह आणि एक गोधडी, बाकी सगळं सुटायचं. त्या गोधडीत आजीच्या लुगड्याची हिरवी किनार होती, मी रात्री बोटानं ती किनार शोधून झोपायचो, अंधारात पण सापडायची. आईला कधी कोणी विचारलं नाही की तुला हे येतं का, सगळे शिकवायलाच यायचे. मेणबत्त्या, कागदी फुलं, दोनदा शिवणक्लास. म्हणून ताई, "हाताला बसायला चार-पाच महिने" हे वाचून विचारावंसं वाटलं, त्यांना जे येतं ते तुम्ही करून घेताय की तुमचं डिझाइन शिकवताय? राग मानू नका.

आणि एक विनंती, पिशवीच्या टॅगवर "गरीब स्थलांतरित महिलांनी बनवलेली" असं काही छापू नका. आईला ते वाचून दाखवायची वेळ माझ्यावर आलेली आहे.

हिंजवडीची_ताई
राग कसला, बरोबर जागी बोट ठेवलंत. आम्ही ऑर्डर देणाऱ्यांच्या आवडीचे नमुने शिकवत होतो, म्हणूनच इतके महिने लागत होते. काल सगळ्या बसल्या तेव्हा पहिल्यांदा विचारलं, तुमच्याकडं बाळाला काय शिवतात? मुजफ्फरपूरकडची एक मुलगी एरवी तोंड उघडत नाही, तिनं खोलीवर जाऊन बाळाची सुजनी आणली, जुन्या साडीची, बारीक धावदोऱ्यानं भरलेली. लातूरच्या मावशीनं ती उलटी केली, मागचा टाका बघितला आणि म्हणाली, "अगं हे तर आमचं दुपटं!" एकीला मराठी येत नाही, दुसरीला हिंदी धड नाही, पण तासभर दोघी सुई कशी धरायची यावर बोलत होत्या. बाळंतपणाच्या भेटीसाठी दुपटी करायची असं काल ठरलं, लहान असतात, आठवड्यात एक होतं, साइट हलली तरी अडत नाही. टॅगवर करणारीला हवं असेल तर तिचं नाव, बाकी काही नाही.

धावदोरा ताई, वितेचा दर तुम्ही किती ठेवला होता ते मेसेज करा. उद्या बोहरी आळीत दोरा आणायला जातेय. गुरुवारी निघणारीला तिची अर्धी गोधडी, सहा रिळं आणि झालेल्या कामाचे पैसे देणार आहे, खात्याला कोणाचा नंबर जोडलाय ते आजच तपासून घेतलं. मुकादमाचाच निघाला मोबाइल नंबर, बदलायचा फॉर्म भरून आलो.