मॅचअपला मराठीत काय म्हणायचं? ‘भारी असणे’ की ‘भारी पडणे’

मेघना, रॉटरडॅम
माझी मुलगी सुपर स्मॅश ब्रदर्स मेली खेळते. तिचं कॅरेक्टर शीक. सांगलीला माझे बाबा तिच्या स्पर्धा मोबाइलवर बघतात, आणि त्यांना कळावं म्हणून मी प्रत्येक सामन्याबद्दल चार ओळी मराठीत लिहून पाठवते. गाडी अडलीय ‘मॅचअप’वर.

परवा मार्थ आणि फॉक्सची लढत होती. मी लिहिलं, ‘फॉक्स सगळ्यांत भारी आहे, पण फायनल डेस्टिनेशनवर मार्थ त्याला भारी आहे.’ लगेच बाबांचा फोन. ‘सगळ्यांत भारी म्हणतेस आणि पुढच्याच वाक्यात दुसरा त्याला भारी. एक काय ते ठरव.’

ज्यांनी मेली पाहिलेला नाही त्यांच्यासाठी सांगते. २००१ चा गेमक्यूबवरचा गेम, २६ कॅरेक्टर्स. मार बसेल तसे टक्के वाढतात आणि टक्के वाढतील तसा माणूस लांब फेकला जातो. फॉक्स वेगवान, बहुतेक जाणकार त्यालाच पहिला क्रमांक देतात. पण तो खाली फार वेगाने पडतो. मार्थने त्याला पकडून वर फेकलं की तो सरळ मार्थच्याच हातात येतो, परत पकड, परत वर. इतर मैदानांवर वर तरंगणाऱ्या फळ्या असतात, त्यांवर उतरून फॉक्सची सुटका होते. फायनल डेस्टिनेशनवर फळीच नाही.

म्हणजे एकूण ताकद ही एक गोष्ट आणि याच्यासमोर तो उभा राहिला तर काय होईल ही दुसरी. पहिलीला इंग्रजीत टिअर म्हणतात, दुसरीला मॅचअप. मराठीत दोन्हीकडे माझ्या तोंडी ‘भारी’च येतं. शिवाय ‘काउंटरपिक’ला, म्हणजे समोरचं बघून त्यावर मुद्दाम केलेल्या निवडीला, काय म्हणायचं तेही हवंय. सुचवा.

तालमीतला
ताई, शब्द तयार आहे. जोड. आमच्याकडे जत्रेच्या मैदानात पंच जोड लावतात. ‘जोड चांगली लागली’, ‘जोड बसत नाही’, ‘ही जोड एकतर्फी आहे’ हे रोजचं बोलणं. पैलवान मोठा की छोटा हा प्रश्न वेगळा, जोड कशी हा वेगळा. तुमच्या वडिलांना एका शब्दात कळेल. सांगलीचे आहेत म्हणता!

काउंटरसाठी तोड. पट काय, ढाक काय, प्रत्येक डावाला तोड असते. ‘यावर तोड काय?’ हे वस्ताद रोज विचारतो.

फ्रेमडेटा
जोड मस्त आहे. पण मॅचअप हे फक्त दोघांची गाठ पडली इतकंच नसतं. ‘मला हा मॅचअप माहीत नाही’ असं आम्ही म्हणतो, तेव्हा समोरच्याची कोणती चाल किती उशिरा थांबते, कुठून शिक्षा करता येते, हे सगळं त्यात येतं. आम्सा नावाचा खेळाडू योशी हे कॅरेक्टर खेळतो. योशी काही वरच्या टिअरचा नाही. पण समोरच्यांना योशीशी खेळायची सवयच नसते, आणि आम्साला मात्र त्यांच्या फॉक्सची रोजची सवय. २०२२ मध्ये त्याने द बिग हाउस १० ही स्पर्धा जिंकली. ‘मला ही जोड माहीत नाही’ असं कुणी म्हणेल का?

तालमीतला
म्हणेल की. ‘या जोडीचा अंदाज नाही’ म्हणतात.

अरुंधती
मेघना, तुमचं उत्तर तुमच्याच वाक्यात आहे, क्रियापद तेवढं बदला. फॉक्स भारी आहे, पण तिथे मार्थ त्याला भारी पडतो. असणं हा गुण, पडणं हा प्रसंग. ‘गणित अवघड आहे’ आणि ‘मला गणित अवघड जातं’ यांत आपण हाच फरक करतो. मराठीला टिअर आणि मॅचअप वेगळे दाखवायला दोन नामं लागत नाहीत. पडणे, जाणे, ठरणे ही क्रियापदं ते काम करतात. मी अनुवाद करते तेव्हा नाम अडलं की आधी क्रियापद चाचपून बघते, आणि बहुतेक वेळा तिथेच सुटतं.

मेघना, रॉटरडॅम
अरुंधतीताई, बाबांना ‘भारी पडतो’ लगेच पटलं. पण पुढची अडचण ऐका. या गेममध्ये वजन खरोखर मोजलेलं आहे. बाउजर ११७, सगळ्यांत जड. फॉक्स ७५. जिगलीपफ ६०. आता ‘जिगलीपफ बाउजरला जड जाते’ असं लिहिलं की मुलगी म्हणते, ‘आई, ती तर हलकी आहे.’ ‘फॉक्स जिगलीपफला भारी पडतो’ हे खरंच, पण त्याचं कारण काय, तर ती हलकी म्हणून. फॉक्स तिला वर फेकतो, मागोमाग उडी मारून लाथ घालतो आणि ती छताबाहेर जाऊन बाद होते. एकाच परिच्छेदात भारी, जड, हलकी, आणि कुठला शब्द वजनाचा नि कुठला ताकदीचा हे वाचणाऱ्याने ओळखायचं.

फ्रेमडेटा
वजनाचा आणि ताकदीचा संबंध नाहीच. बाउजर सगळ्यांत जड, पिचू ५५ म्हणजे सगळ्यांत हलका, आणि दोघेही यादीच्या तळाशी. जिगलीपफ पिचूपेक्षा जरा जड, आणि ती वरच्या फळीत. हंग्रीबॉक्स या खेळाडूने तिच्याच जोरावर २०१७, २०१८, २०१९ अशी सलग तीन वर्षं जगात पहिला क्रमांक राखला.

शुद्धमती
मग भारी आणि जड दोन्ही सोडा. ‘वरचढ’ घ्या. ‘या लढतीत मार्थ वरचढ.’ वजनाचा वास नाही, अर्थ नेमका. टिअरला ‘श्रेणी’, मॅचअपला ‘द्वंद्वतुलना’, काउंटरपिकला ‘प्रतिनिवड’. शब्द घडवायला लाजू नये. महापौर, दिनांक, दिग्दर्शक हे शब्द सावरकरांनी घडवले तेव्हाही लोकांना जड वाटले होते. आज कुणाला वाटतात?

तालमीतला
द्वंद्वतुलना म्हटल्यावर बघणारा उठून जाईल हो मॅडम.

शुद्धमती
‘मॅचअप’ म्हटल्यावर सांगलीचे आजोबा बसून राहतात का? त्यांना कळलं नाही म्हणूनच तर ही चर्चा आहे.

अरुंधती
‘वरचढ’ माझ्याही मनात होता, पण त्यात सतत वर राहण्याची छटा आहे. मार्थ-फॉक्समध्ये तसं होत नाही. एक पकड बसली की चित्र पालटतं. प्रतिनिवड मला आवडला. द्वंद्वतुलना मात्र बोलून बघा मोठ्याने, एका दमात.

मोडीवाचक
कुणी ‘बरोबरी’कडे पाहिलंच नाही! फारसीत ‘बर’ म्हणजे छाती. बर-आ-बर, छातीला छाती. दोघे समोरासमोर भिडलेले, आणि तिथून ‘समान’ हा अर्थ. मॅचअपचं सगळं चित्र त्या शब्दात आहे. मुकाबलाही तसाच, अरबी, तोंडासमोर तोंड. आपण हे शब्द रोज वापरतो आणि आतलं चित्र विसरलो आहोत. ‘मार्थ-फॉक्स बरोबरी कशी आहे?’ असं विचारलं तर काय बिघडलं?

फ्रेमडेटा
बिघडलं हे की ‘बरोबरी’ म्हटल्यावर सामना अनिर्णित वाटतो.

मोडीवाचक
तो आजचा अर्थ. ‘त्याच्या बरोबरीचा’ यात अजून जुना जिवंत आहे.

शुद्धमती
फारसी आणि अरबीच आणायचे तर इंग्रजीने काय घोडं मारलंय? राज्यव्यवहारकोश शिवाजी महाराजांनी याच कारणासाठी करवून घेतला होता.

तालमीतला
मॅडम, पैलवान फारसी, तालीम अरबी, वस्तादही तिकडूनच आला. कुस्तीतून हे काढून टाकले तर लाल माती उरेल, माणसं जातील.

बेळगावचा बंड्या
मधेच विचारतो. ‘कॅरेक्टर’ला तुम्ही सगळे कॅरेक्टरच का म्हणताय? आमच्याकडे गडी म्हणतात. ‘तुझा गडी कुठला?’ ‘गडी बदल.’ कॅरममध्ये नाही, पण लगोरी, खो-खो, कबड्डी सगळीकडे गडीच. मोबाइलवर ब्रॉलहल्ला खेळणारी आमच्या गल्लीतली पोरंसुद्धा म्हणतात, ‘हा गडी तलवार नि भाला दोन्ही चालवतो.’

शुद्धमती
गडी म्हणजे घरचा नोकर. आणि पुल्लिंगी. पीच ही राजकन्या आहे असं वाचलं, तिला गडी म्हणणार?

बेळगावचा बंड्या
महिला क्रिकेटच्या बातमीतही ‘तीन गडी बाद’ असंच येतं की. तिथे कुणी नोकर बाद झाला असं समजत नाही.

अरुंधती
गडी उत्तम. ‘पात्र’ लिहिलं असतं तर नाटक वाटलं असतं.

फ्रेमडेटा
काउंटरपिककडे परत येऊ का? त्याचा नियम नीट समजला तर शब्द सापडेल. एक डाव झाला की जिंकलेला एक मैदान बाद करतो. उरलेल्यांतून हरलेला मैदान निवडतो. मग जिंकलेल्याने आपला गडी सांगायचा आणि सगळ्यांत शेवटी हरलेल्याने. म्हणजे समोरचं पान बघून हरलेला आपलं पान टाकतो. मैदान निवडलं तरी काउंटरपिक, गडी निवडला तरी काउंटरपिक.

आणि खरं उदाहरण आहे. स्वीडनचा आर्माडा पीच खेळायचा. हंग्रीबॉक्सच्या जिगलीपफपुढे पीचला फार त्रास, म्हणून त्याने खास त्या लढतीसाठी यंग लिंक काढला. यंग लिंक यादीत पीचच्या बराच खाली. पण त्याच्याकडे बाण आहेत, बूमरँग आहे, बॉम्ब आहेत. जिगलीपफ हवेत तरंगत जवळ यायला बघते, कारण तिला अंगाला भिडल्याशिवाय काही करता येत नाही. तिची रेस्ट ही चाल तर चिकटून मारावी लागते, लागली तर समोरचा थेट बाहेर आणि चुकली तर ही तिथेच झोपलेली. तिला लांबच ठेवायचं म्हटल्यावर बाण कामाला आले. भारी गडी सोडून कमी भारी गडी घेतला, कारण या लढतीत तो भारी पडतो. मेघनाताई, तुमच्या वडिलांना हे उदाहरण सांगा, टिअर नि मॅचअप दोन्ही कळतील.

मोडीवाचक
मग शब्द ‘उतारा’. विषावर उतारा. ‘यंग लिंक हा जिगलीपफवरचा उतारा.’ आमची आजी विंचू चावल्यावर कशाकशाचा उतारा द्यायची. औषध सरसकट कुठल्याही दुखण्यावर देतील, उतारा त्याच विषाचा लागतो. काउंटरपिकचा अर्थ तंतोतंत हाच.

बेळगावचा बंड्या
उतारा म्हणजे सातबाराचा. नाहीतर तिठ्यावर ठेवलेला लिंबू-भाताचा.

तालमीतला
‘तोड’ काय वाईट होती?

अरुंधती
तोड चालीला, उतारा गड्याला. दोन्ही ठेवा. ‘या पकडीवर तोड नाही, पण या गड्यावर उतारा आहे.’ मला तर हे वाक्य फार आवडलं.

शुद्धमती
आणि मैदानाला? मैदान निवडलं तर तोही उतारा?

मेघना, रॉटरडॅम
मैदानाचं मी बाबांना ‘त्याने त्याच्या सोयीचं मैदान घेतलं’ असं लिहिलं. कळलं त्यांना. गडी, जोड आणि ‘भारी पडतो’ हे तिन्ही आजपासून चालू. एक राहिलं. जोड किती विषम ते आकड्यात सांगतात, ६०-४०, ७०-३० असं. मी ‘साठ-चाळीसची जोड’ लिहिलं तर बाबा विचारतात, वाटणी कसली?

तालमीतला
बरोबर विचारतात. साठ-चाळीस म्हणजे शेताचा वाटा. कुस्तीत आकडे नसतात. ‘काटा जोड’ म्हणजे पन्नास-पन्नास. ‘उन्नीस-बीस’ म्हणजे पंचावन्न-पंचेचाळीस. त्यापुढे एकतर्फी.

शुद्धमती
‘उन्नीस-बीस’ हिंदी आहे. मराठीत ‘एकोणीस-वीसचा फरक’.

तालमीतला
‘एकोणीस-वीस’ मी आयुष्यात कुणाच्या तोंडून ऐकलेलं नाही. उन्नीस-बीसच म्हणतात, कागलपासून कऱ्हाडपर्यंत.

शुद्धमती
माझ्या वडिलांच्या तोंडून मी कायम ‘एकोणीस-वीस’ ऐकलं. नागपुरात राहून, जिथे हिंदी दारात उभी असते.

फ्रेमडेटा
आणि ६०-४० म्हणजे नेमकं काय यावर खेळणाऱ्यांचंच एकमत नाही. सारख्या ताकदीचे दोघे शंभर वेळा खेळले तर साठ वेळा हा जिंकेल, असं धरतात. पण दोघे अगदी सारखे कधी मिळणार? शिवाय युरोपातल्या मेलीत शीकची खाली आपटायची फेक बदललेली आहे. अमेरिकेच्या आवृत्तीत ती अनेकांना परत परत पकडू शकते, युरोपच्या आवृत्तीत ते जमत नाही. एकच जोड, डिस्क बदलली की आकडा बदलला. त्यामुळे मला तरी आकड्यापेक्षा ‘काटा’, ‘उन्नीस-बीस’, ‘एकतर्फी’ हे बरं वाटतं.

मेघना, रॉटरडॅम
आणि एकतर्फीच्याही पुढे? शीक आणि बाउजर लिहायचं आहे.

बेळगावचा बंड्या
शेरास सव्वाशेर!

तालमीतला
ते उलट झालं. शेरास सव्वाशेर म्हणजे जबरदस्ताला त्याच्याहून जबरदस्त भेटला. बाउजर शेर कुठाय?

बेळगावचा बंड्या
दिसायला तरी आहे. आमच्याकडे कुस्तीच्या फलकावर ‘शेरास सव्वाशेर’ म्हणून दोन वाघ-सिंह समोरासमोर काढतात.

मोडीवाचक
फलक रंगवणाऱ्याची चूक आहे. हा शेर वजनाचा. सोळा छटाकांचा शेर. सव्वा सिंह कसा असेल? एक शेर टाकला तर समोरच्या पारड्यात सव्वा शेर पडला, असा अर्थ.

शुद्धमती
या एका गोष्टीत मोडीवाचकांशी पूर्ण सहमत.

तालमीतला
वजनाचा असेल तर ‘तो शेर आहे रे’ असं पैलवानाला का म्हणतात?

मोडीवाचक
तो शेर वेगळा, फारसीतून आलेला, वाघ-सिंह या अर्थाचा. मराठीत दोन्ही एकाच उच्चाराने नांदतात, म्हणून म्हणीत घोटाळा होतो. बेळगावकर, तुमच्या फलकाचा फोटो असेल तर टाका. सव्वाशेरच्या बाजूचा सिंह मोठा काढलाय का, ते बघायचंय.

बेळगावचा बंड्या
दोघे सारखेच काढलेत. सव्वाशेरला आयाळ जास्त आहे.