जाड्या-रड्या, बस्टर, चार्ली: तुमचा आवडता छोटा विनोदपट कोणता?

सकाळी शेजाऱ्यांचा फ्रीज जिन्याने चढवत होते, लिफ्ट बंद. वरचा ओरडतोय "उचल", खालचा म्हणतोय "आधी तू सोड". मला थेट जाड्या-रड्याचा 'द म्युझिक बॉक्स' आठवला, १९३२ चा. पियानो पायऱ्यांवरून वर न्यायचा, बस. दर वेळी तो घरंगळत खाली, आतल्या तारा झणझणतात. शेवटी पोस्टमन सांगतो, अहो, गाडीरस्ता आहे की वरपर्यंत! तर हे दोघे पियानो पुन्हा खाली नेतात आणि गाडीतून वर आणतात. इथे बाबांना हसून हसून ठसका लागायचा. तुमचेही लिहा.

मोरपंखी: ऑस्कर आहे त्याला! त्या पायऱ्या लॉस एंजेलिसच्या सिल्व्हर लेक भागात अजून आहेत, १३३. भाऊ रिकाम्या हाताने चढला तरी धापा टाकत होता.

सांगलीकर: बस्टर कीटन!! 'वन वीक', १९२०. सुटे भाग जोडून घर बांधायचं आणि कुणीतरी खोक्यांवरचे आकडेच बदललेत. वादळात घर गरगर फिरतं. मग ते रुळांवर अडकतं, गाडी येते... शेजारच्या रुळावरून निघून जाते. हुश्श म्हणतो तोच उलटीकडून दुसरी येऊन चुराडा. पठ्ठ्या विक्रीची पाटी लावतो, बायकोसोबत चालू लागतो. चेहऱ्यावरची रेष हलत नाही. याच्या तोडीचं कुणी नाही, लिहून घ्या.

कढीपत्ता: फ्रीज चढला का? लगेच चालू करू नका म्हणावं, थोडा वेळ उभा राहू दे.

सांजवात: चार्लीचा 'इझी स्ट्रीट'. धिप्पाड गुंड दिव्याचा खांब वाकवतो आणि चार्ली त्याचं डोकं त्याच दिव्यात घालून गॅस सोडतो. तो एरिक कॅम्पबेल. १९१७ मध्ये हा चित्रपट आला, त्याच वर्षी तो मोटार अपघातात गेला.

मोरपंखी: अरेरे. माहीत नव्हतं गं.

भाकरवडी: आजीला शेवटी शेवटी ऐकू येईना, मालिका सुटल्या. भाच्याने फोनवर चार्ली लावून दिला. मधल्या पाट्या मी वाचून दाखवायला गेले तर हातानेच गप्प केलं, कळतंय मला! पदर तोंडाला लावून हसत होती. कुकर झाला, नंतर लिहिते.

सांगलीकर: आजींना नमस्कार 🙏

धागाकर्ती: कढीपत्ता, चढला एकदाचा! निरोप देते.

कढीपत्ता: बरं झालं. मुलांना दाखवायला सुरुवात कशाने करू? धाकटा सात वर्षांचा.

सांजवात: 'बिग बिझनेस', १९२९. जाड्या-रड्या ख्रिसमसची झाडं विकायला जातात, गिऱ्हाईक यांची मोटार मोडतं, हे त्याचं घर. मूकपट आहे, भाषेचा प्रश्नच नाही. फक्त जेवताना लावू नका, घास अडकेल.