फौजदारी खटल्याला मुदत घालावी का?

जुनाट_पेन: मालेगावचा स्फोट २९ सप्टेंबर २००८ चा, सहा जण गेले. निकाल लागला ३१ जुलै २०२५ ला, सातही आरोपी सुटले, मधल्या काळात तीसहून जास्त साक्षीदार फितूर. आरोपी निर्दोष असतील तर त्यांची वर्षं कोण भरून देणार, आणि नसतील तर गेलेल्यांच्या घरच्यांच्या हाती काय आलं? कॅनडाच्या सुप्रीम कोर्टाने २०१६ ला जॉर्डन केसमध्ये सरळ आकडा टाकला, खालच्या कोर्टात १८ महिने, वरच्यात ३०, त्यापुढे गेलं तर सरकारने तसंच मोठं कारण दाखवायचं नाहीतर खटला बंद. आपल्याकडे वेळेत खटला हा राज्यघटनेच्या कलम २१ मधला हक्क आहे हे हुसैनारा खातून केसपासून, म्हणजे १९७९ पासून ऐकतोय. आकडाच नाही तर हक्क कसला, नुसत्या तोंडाच्या वाफा.

बाणकोटी: अहो त्या आकड्यापायी कॅनडात खुनाचे खटलेसुद्धा बंद पडले, ते नाही सांगितलंत! इथे पैसेवाला आधी डिस्चार्जचा, म्हणजे खटल्याआधीच सोडा म्हणून अर्ज टाकणार, मग तो फेटाळला की वरच्या कोर्टात रिव्हिजन, मग हायकोर्टातून स्टे, आणि मुदत संपली की हार घालून मिरवणूक. अंतुले केसमध्ये आपल्या सुप्रीम कोर्टाच्या पाच जज्जांनी आकडा घालायला नकार दिला, २००२ ला सात जज्जांनी परत तेच सांगितलं. उगाच नाही.

जुनाट_पेन: आरोपीने लावलेला उशीर जॉर्डनमध्ये वजा होतो. वाचून बोला राव.

काळाकोट_ताई: मी सेशन्सला प्रॅक्टिस करते. कुठल्याही जुन्या केसचा रोजनामा, म्हणजे तारखेवार नोंद काढा. आरोपी हजर नाही कारण पोलीस एस्कॉर्ट मिळाला नाही, पुढची तारीख. पंचाला समन्स बजावलं नाही, पुढची तारीख. मग सीए रिपोर्ट (रासायनिक तपासणीचा) यायचाय, मग आयओची, म्हणजे तपास अधिकाऱ्याची बदली, आणि साक्ष अर्धी झाली की जज्जसाहेबांचीच बदली. यात आरोपीचा वकील कुठे आला हो? २०२४ ला सुप्रीम कोर्टाने मुंबईच्या एका बनावट नोटांच्या केसमध्ये जामीन दिला, माणूस चार वर्षं आत आणि चार्जसुद्धा फ्रेम नाही, म्हणजे आरोपही ठरवलेले नाहीत.

बाणकोटी: मग जामीन द्या की, खटला कशाला मारताय? नव्या फौजदारी प्रक्रिया कायद्याचं, बीएनएसएसचं, कलम ४७९ आहे ना, पहिलाच गुन्हा असेल तर कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ आत काढला की सोडायचं.

काळाकोट_ताई: फाशी-जन्मठेपेच्या कलमांना ते लागू नाही, दुसरी केस पेंडिंग असेल तरी नाही. आणि ऑर्डर झाली तरी बाहेरगावच्या मजुराने इथे सॉल्व्हंट, म्हणजे ऐपतदार जामीनदार आणायचा कुठून? कागद तयार, माणूस आतच.

फिर्यादीची_बहीण: तुमच्यातलं कुणी पिंजऱ्यात उभं राहिलंय का साक्षीला? माझ्या भावाला मारलं तेव्हा मी समोर होते, इतक्या वर्षांनी उलटतपासणीत विचारतात रिक्षा गेटच्या डावीकडे होती की उजवीकडे, नाही आठवलं की साक्ष अविश्वसनीय. उशीर आम्हालाच खातो, पण एस्कॉर्ट आला नाही म्हणून माझी केस बंद करणार असाल तर तो न्याय तुमच्याकडेच ठेवा. मुदत घालायची तर सरकारला घाला, समन्स बजावलं नाही त्याच्या पगारातून कापा.

जुनाट_पेन: ताई, पटतंय, पण पगार कापायची ऑर्डर झाली तर तो हवालदार हायकोर्टात जाणार आणि त्यालाही स्टे मिळणार. खटला हातचा जाईल ही भीती असल्याशिवाय गृहखातं गाड्या आणि माणसं वाढवणार नाही.

बाणकोटी: आणि नाहीच वाढवली तर? तेव्हा यांच्या भावाचा मारेकरी मोकळा, हे चालेल तुम्हाला?